भेट न दिलेली घोंगडी

मित्रांनो, सोलापूर म्हटलं की तुम्हाला चादर आठवते. आठवू दे, माझी तक्रार नाही. ती देखणी आहे, लग्नाच्या आहेरात मिरवते, अंगावर मोर आणि कमळं बाळगते. मी तिची खेड्यातली थोरली जाऊ आहे असं समजा. काळी, खरखरीत, अंगाला टोचणारी. मी घोंगडी आहे. दोन्ही काठांना दोन बोटं रुंदीचे पांढरे पट्टे, एवढाच काय तो माझा दागिना.

माझा जन्म बोरी नदीच्या काठच्या एका धनगरवस्तीवरचा. तेव्हा नदी ओलांडून थोडं पुढं गेलं की इंग्रजांचा मुलूख संपायचा आणि निजामाचा सुरू व्हायचा. मेंढरांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ती दोन्हीकडचं गवत सारख्याच चवीनं खायची.

त्या वस्तीवर सिद्धाप्पा नावाचा एक मेंढका होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोचं नाव बनाबाई. त्याच्या मेंढरांची लोकर कातरली, ती बनाबाईनं पिंजली आणि स्वतः कातली. तिचा हात अजून बसला नव्हता. सूत कुठं जाड, कुठं बारीक यायचं. ते घेऊन ती घोंगड्या विणणाऱ्या तिप्पण्णा सणगराकडं गेली. म्हाताऱ्यानं सूत बोटांवर खेळवलं आणि तोंड वाकडं केलं.

"पोरी, ह्ये सूत हाय का दाव्याचा दोर?"

"तुमी इना तर खरं, आजा," बनाबाई म्हणाली. "टोचली तर तुमच्या अंगाला न्हाय टोचायची."

तिप्पण्णा हसला आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. मी विणून झाले. मग चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ शिजवली आणि कुंच्यानं माझ्या अंगभर चोपडली. उन्हात वाळल्यावर मी अशी ताठ झाले की उभी केली तर उभी राहावी. वाण्याकडच्या कोऱ्या कापडाला जो तोरा असतो ना, तो तेव्हा माझ्या अंगात होता.

सिद्धाप्पानं मला खांद्यावर घेतलं ते कायमचंच. पावसात मी त्याची खोळ व्हायचे, उन्हात त्याची सावली. नुकतं जन्मलेलं कोकरू माझ्यात गुंडाळून तो घरी आणायचा. सिद्धाप्पा माणसांशी कमी आणि मेंढरांशी जास्त बोलायचा. बनाबाई त्याला चिडवायची, "मलाबी चार पाय असतं तर बरं झालं असतं. निदान माझ्याशी बोलला असता."

"तू मागनं येत न्हाईस ना," तो म्हणायचा. "ती येतात."

आणि खरंच यायची. तो पुढं चालायचा, जिभेनं एक आवाज काढायचा, आणि सगळा कळप त्याच्यामागं पाण्यासारखा वाहायचा. मागं काठी घेऊन त्याचा धाकटा भाऊ येडू असायचा, पण काठीचं काम फारसं पडायचं नाही.

आमच्या वस्तीवरची एक रीत तुम्हाला सांगून ठेवते. कुणावर आळ आला, कुणाचं भांडण झालं, की पंच घोंगडी अंथरत. तिच्यावर बिरोबाचा भंडारा टाकत, म्हणजे चिमूटभर हळद. मग ज्याला सांगायचं आहे त्यानं तिच्यावर बसायचं आणि सांगायचं. घोंगडीवर बसून कुणी खोटं बोलत नसे. ज्याच्या मनात खोट असे तो बसतच नसे. उभ्या उभ्या बोलायचा, हातवारे करायचा, पण बसायचा नाही. मग त्याला पुढं काही विचारत नसत. न बसणं हाच निकाल. बायकांना मात्र त्या घोंगडीवर बसायची सोय नव्हती. आम्हा घोंगड्यांचं सूत कातायचं त्यांनी, बसायचं पुरुषांनी. असो.

देश स्वतंत्र झाला, तरी नदीपलीकडचा मुलूख निजामाकडंच राहिला. पलीकडून घाबरलेली माणसं आमच्या वस्तीवर येऊन उतरत. एक पिंजारी तर आपली कापूस पिंजायची कमान पाठीला बांधून आला होता, आणि बनाबाईनं त्याला मेंढरांच्या वाड्याशेजारी जागा दिली होती. आणि मग अठ्ठेचाळीस सालच्या भादव्यात आपली फौज आली.

सकाळची वेळ होती. माळावर मेंढरं सोडलेली. त्या दिवशी सगळ्या वस्तीची मेंढरं सिद्धाप्पाच्या राखणीत होती. पंच सिद्धनाथाचा कळपही त्यातच. गाड्या नदीकाठी येऊन थांबल्या. एक मेजरसाहेब उतरले आणि त्यांच्याबरोबर एक तरुण माणूस. त्याचं नाव शिवलिंगप्पा. बाजाराच्या गावातल्या दुकानदाराचा मुलगा. फौजेला पीठ-गूळ पुरवायचा आणि कानडी, मराठी, हिंदी तिन्ही भाषा येत म्हणून दुभाष्याचं कामही करायचा. कपाळावर ठसठशीत विभूती, पायांत नवे बूट.

"साहेब म्हणतेत, निजामाच्या लोकांनी मोठ्या रस्त्यावर सुरुंग पेरल्यात," तो सिद्धाप्पाला म्हणाला. "माळावरनं दुसरी वाट हाय का?"

"हाय की. गाडीवाट हाय. पर तितंबी पेरल्यात म्हणं. परवा एक म्हस गेली."

शिवलिंगप्पानं ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी वळून गाड्यांकडं बघितलं. गाड्यांत सैनिक बसले होते. कित्येकांना मिसरूडही फुटलं नव्हतं. एक जण मेंढरांकडं बघून हसत होता; त्याच्या घरीही असावीत. सिद्धाप्पानं त्यांच्याकडं बघितलं, मग आपल्या कळपाकडं.

"मेंढरं म्होरं घालतो," तो म्हणाला.

शिवलिंगप्पाला हसू आलं. "आरं, ती काय शिपाई हायत व्हय? हुकूम सोडला की निघाली?"

"एकटी कशी जातील? मी म्होरं ऱ्हातो. माझ्या मागं येतेत."

शिवलिंगप्पाचं हसू थांबलं. त्यानं ते साहेबांना सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. साहेबांनी पुढं येऊन सिद्धाप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे माझ्यावरच ठेवला. काहीतरी बोलले.

"साहेब म्हणतेत," शिवलिंगप्पा म्हणाला, "देश तुला इसरणार न्हाय."

मित्रांनो, ते वाक्य मी माझ्या लोकरीत जपून ठेवलं आहे. बोलणाऱ्यांनी कुठं ठेवलं, ते मला माहीत नाही.

येडू मागं उभा होता. तो ओरडला, "दादा, सिद्धनाथाची मेंढरं हायत ह्यात! त्याला इचारलं न्हाय!"

"सांजच्याला सांगतो मी त्याला," सिद्धाप्पा म्हणाला, आणि जिभेनं तो आवाज काढून चालू लागला.

पुढचं थोडक्यात सांगते. लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नाही. पहिला सुरुंग कळपाच्या मधोमध फुटला. सिद्धाप्पानं मागं वळून बघितलं. त्याला तिथंच थांबता आलं असतं. मेंढरं बिथरली होती, पण तो दिसला की ती पुन्हा गोळा व्हायची. त्यानं पुन्हा आवाज काढला आणि चालायला लागला. दुसरा सुरुंग त्याच्या जवळ फुटला.

मला चार कोपऱ्यांनी धरून झोळी केली. तीन कोपरे सैनिकांनी धरले, एक येडूनं. येडूचा एक कान त्या आवाजानं कायमचा गेला होता. सिद्धाप्पा काहीतरी विचारत होता, बहुधा मेंढरांचंच, आणि येडू नुसता "व्हय दादा, व्हय दादा" म्हणत होता. नदीपर्यंत पोचायच्या आतच माझ्यातलं ओझं जड झालं. माझ्या एका पांढऱ्या पट्ट्यावर मोठा डाग पडला.

गाड्या मात्र सुखरूप पार गेल्या. सगळ्याच्या सगळ्या. साहेबांनी सिद्धाप्पाला सलाम केला आणि शिवलिंगप्पाला म्हणाले की याच्या लोकांना सगळं नीट सांग. शिवलिंगप्पानं मान हलवली. मग फौज पुढं निघाली आणि फौजेमागं शिवलिंगप्पाही.

जाता जाता मागच्या गाडीतल्या आचाऱ्यांनी मेलेली मेंढरं उचलून भटारखान्याच्या गाडीत टाकली. मेलेलं वाया कशाला घालवायचं, असा त्यांचा साधा हिशेब. वस्तीवरची माणसं लांब टेकाडावर उभी होती. स्फोटांचा धूर आधीच विरला होता. त्यांना दिसलं ते एवढंच: आपली मेंढरं फौजेच्या गाडीत चढतायत.

पंच बसले. येडू माझ्यावर बसला, भंडारा हातात घेतला आणि घडलं ते सांगितलं.

"मेंढरं इकायचा सौदा झाला का न्हाय, त्ये तू तुझ्या कानानं ऐकलंस?" सिद्धनाथानं विचारलं.

येडू खोटं बोलू शकत नव्हता. तो माझ्यावर बसला होता. "मी मागं हुतो. साहेबाची भाषा मला कळत न्हाय. त्ये शिवलिंगप्पाला ठावं."

"मग शिवलिंगप्पाला आण."

शिवलिंगप्पाला निरोप गेले. तो फौजेमागं गेला होता. मग परत आला तो थेट सोलापुरात. तिथं त्याचं दुकान झालं, दुकानाची पेढी झाली. निरोप नेणाऱ्याला तो चहा पाजायचा आणि म्हणायचा, "येतो की. पुडच्या म्हैन्यात येतो." तो पुढचा महिना काही आला नाही.

मग वस्तीनं आपलं आपण ठरवलं. सिद्धाप्पानं दुसऱ्यांची मेंढरं फौजेला विकली, आणि त्या धांदलीत मेला. बिरोबाच्या जत्रेत बनाबाईला पंगतीत बसू देईनात. विहिरीवर ती आली की बायका बोलणं थांबवत. तिची लेक मायाक्का मोठी झाली तर जवळच्या एकाही वस्तीनं तिला सून करून घेतलं नाही. शेवटी लांब एका बिजवराला दिली. निरोप घेताना मायाक्का म्हणाली, "आई, आबा खरंच तसं हुतं का?" बनाबाईनं तिच्या तोंडात मारली. मग तिथंच बसून दोघी रडल्या.

या सगळ्या वर्षांत बनाबाईनं मला एकदाही धुतलं नाही आणि एकदाही पांघरलं नाही. पावसात ती पोत्याची खोळ घालून जायची आणि मी घरात कोरडी, खुंटीवर. अधूनमधून ती माझा डागाचा काठ हातात धरून उभी राहायची.

आणि मग त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात, दुष्काळ नुकताच सरला होता तेव्हा, वस्तीवर एक जीप आली. तिच्यातून शिवलिंगप्पा उतरले. आता त्यांना अहो-जाहो करायला हवं. पोट सुटलं होतं, धोतर पांढरंशुभ्र, विभूती तशीच ठसठशीत. फौज आली त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सोलापुरात मोठा समारंभ होता. ज्यांनी फौजेला मदत केली त्यांचा सत्कार. समितीचे अध्यक्ष तेच.

बनाबाईनं मला खुंटीवरून काढून त्यांच्यापुढं अंथरलं.

"कशाला, कशाला अक्का," ते म्हणाले आणि जीपच्या दांडीला टेकून उभेच राहिले. "कंबर धरलीय. बसलं की उठवत न्हाय." मग त्यांची नजर माझ्या काठावर गेली. त्यांनी जीभ टाळूला लावून चुकचुक केलं. "हीच न्हवं ती? ही घिऊन या. प्रदर्शनात मांडू. मोठी मोठी माणसं बगतील."

"आणते की सावकार. पर मला साडी-चोळी नगं, काय नगं. तुमी चार लोकांत एकच सांगा. मेंढरं इकली न्हवती. माझा धनी त्यांच्या म्होरं चालत हुता. एवडंच."

"सांगतो की! त्येच्यासाठीच तर समारंभ हाय."

"भंडाऱ्यावर हात ठेवून म्हणा."

"आमी विभूतीवालं. आमाला तुमचा भंडारा लागंल व्हय?" ते हसले, पण बोट बुडवून कपाळाला लावून घेतलं. जीप निघून गेली.

बनाबाई त्या दिवशी गुणगुणत होती. मी ते ऐकून चकित झाले. तिला गळा आहे हे मी विसरलेच होते. आणि मग तिनं ती चूक केली, जी आमच्या वस्तीवरच्या कुठल्याही शहाण्या बाईनं केली असती. देवापुढं किंवा मोठ्या सभेत घोंगडी मांडायची तर ती धुऊन, खळ देऊन मांडतात. मळकी घोंगडी मांडणं म्हणजे समोरच्याचा अपमान. सावकारांचं चुकचुकणं तिला लागलं होतं. तिनं मला नदीवर नेलं. रिठ्यानं घासलं, दगडावर आपटलं. डाग निघता निघेना. तिनं दात-ओठ खाल्ले, रडली, आणि घासत राहिली. शेवटी पाणी तांबूस झालं आणि बोरीतून वाहत गेलं.

सिद्धाप्पाचं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं, मित्रांनो. पण घोंगडीला कोण विचारतं?

खळ देऊन मी पुन्हा ताठ झाले. बनाबाई आणि येडू मला घेऊन एसटीनं सोलापूरला आले. एका शाळेच्या सभागृहात समारंभ होता. दारात कमान, पताका, आणि मिरवणुकीत ढोल वाजवायला म्हणून बोलावलेला सिद्धनाथ आणि वस्तीवरची आणखी चार माणसं. त्यांनी बनाबाईला बघितलं आणि ढोलाच्या दोऱ्या ताणायला घेतल्या.

आत प्रदर्शनाच्या टेबलापाशी शिवलिंगप्पांचा पुतण्या चनबसप्पा होता. त्यानं मला उलटीपालटी केली.

"मावशी, डाग कुठं आहे?"

"काडला की!" बनाबाई कौतुकानं म्हणाली. "चांगली खळ दिलीया. हात लावून बगा."

"अहो, पण डागच तर पाहिजे होता! रक्त लागलेली घोंगडी म्हणून कार्ड लिहून ठेवलंय मी. आता ही कोरी घोंगडी ठेवून लोकांना दाखवू काय?"

येडू आपला चांगला कान पुढं करून ऐकत होता. तो म्हणाला, "रगात पायजे हुतं तर तवाच यायचं, मालक. ताजं हुतं."

चनबसप्पानं इकडं तिकडं बघितलं. बाहेर खुर्च्या उतरवणारा एक हमाल होता. त्याच्या खांद्यावर जुनी घोंगडी होती आणि तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्यांचे लालभडक डाग. ती घोंगडी टेबलावर आली. तिला झेंडूचा हार आला. समोर उदबत्ती लागली. शहरातली माणसं रांगेनं यायची आणि त्या पिंकेला हात जोडून पुढं जायची. एक बाई तर डोळे पुसत होती. मला त्या हमालाच्या घोंगडीचा राग आला नाही. ती बिचारी लाजून चूर झाली होती.

मला सभागृहाच्या मागच्या बाजूला, चपला काढतात तिथं अंथरलं. खेड्यातल्या माणसांना बसायला. बनाबाई आणि येडू माझ्यावर बसले. ढोलवाले भिंतीला टेकून उभे राहिले, आमच्यापासून जरा लांब.

शिवलिंगप्पा भाषणाला उठले. बनाबाईनं पदर सावरला. तिचा हात माझ्यावर होता.

"बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "तो दिवस आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. समोर सुरुंग पेरलेला माळ, मागे आपली फौज. वाट दाखवायला कोण जाणार? मी म्हणालो, मी जातो! जिवाची पर्वा न करता मी पुढे झालो. माझ्यामागून जवानांच्या गाड्या..."

टाळ्या पडल्या. बनाबाई वाट बघत होती. अजून भाषण संपलं नव्हतं.

"आणि त्या वेळी आपल्या अडाणी मेंढपाळ बांधवांनीही खारीचा वाटा उचलला. त्यांनी आपली मेंढरं फौजेच्या भटारखान्याला दिली. आपले जवान उपाशी राहिले नाहीत!"

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा मोठ्या.

शिवलिंगप्पा दुष्ट होते असं मी म्हणत नाही. इतकी वर्षं ती कथा सांगता सांगता ते सिद्धाप्पाच्या जागी जाऊन उभे राहिले होते, आणि पुढं चालणारा एकच असतो. मग मेंढरांचं काहीतरी करायला हवं होतं. त्यांनी ती भटारखान्यात पाठवली.

भिंतीशी उभ्या असलेल्या सिद्धनाथानं मान वळवून बनाबाईकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ तिला कळला. येडूला भाषण ऐकू आलं नव्हतं, तो विचारत होता, "घेतलं का दादाचं नाव? वैनी, घेतलं का?"

तेवढ्यात चनबसप्पानं ध्वनिक्षेपकावर पुकारलं, "आता एका धनगर भगिनीचा साडी-चोळी व श्रीफळ देऊन सत्कार!"

बनाबाई उठली. येडूला हातानं बाजूला केलं आणि मला उचललं. तिथल्या चपलांची माती झटकली. मला हातांवर घेऊन ती त्या लांबलचक सभागृहातून चालत गेली. लोकांनी कौतुकानं वाट दिली. व्यासपीठावर चढून तिनं साडीकडं बघितलंही नाही. शिवलिंगप्पांच्या पायांपुढं मला अंथरलं, ओच्यातली पुरचुंडी सोडली आणि माझ्यावर भंडारा टाकला. आमच्या वस्तीवर कुठल्याही बाईनं कधी केलं नव्हतं ते तिनं केलं.

"बसा सावकार," ती म्हणाली. "बसा, आन आता म्हणलासा त्ये परत म्हणा."

शिवलिंगप्पांचा चेहरा मी अगदी खालून बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं. धनगरांच्या शेजारी वाढलेला माणूस, त्याला ती रीत ठाऊक होती. त्यांचा एक पाय पुढं आला. अंगठा माझ्या काठाला टेकला. एक क्षण मला वाटलं, बसतात. मग तो पाय मागं गेला.

"बसा म्हणतीया की. कंबर धरली असंल तर मी धरते हात."

आणि तेवढ्यात चनबसप्पाचा आवाज घुमला, "मंडळी, आपल्या ग्रामीण भगिनी आपली परंपरागत घोंगडी अध्यक्षांना भेट देत आहेत! जोरदार टाळ्या!"

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. शिवलिंगप्पांना सुटका झाल्यासारखं झालं. त्यांनी वाकून स्वतःच्या हातांनी मला उचललं आणि खांद्यावर टाकलं. भंडारा त्यांच्या पांढऱ्या कोटावर सांडला. फोटोवाल्यानं फोटो काढला. बनाबाई ओरडत होती, "बसा म्हणलं मी! घ्या न्हवं म्हणलं!" पण ध्वनिक्षेपक तिच्या तोंडापुढं नव्हता.

टाळ्या न वाजवणारी माणसं फक्त मागच्या भिंतीशी होती. ढोलवाले. त्यांना काय बघायचं ते दिसलं होतं. तो बसला नाही.

बनाबाई पायऱ्या उतरली तेव्हा खाली सिद्धनाथ उभा होता. म्हातारा झाला होता. त्यानं डोक्याचा पटका काढून तिच्या पायांशी ठेवला.

"बनाबाई, त्यो बसला न्हाय. आमी बगितलं. तुझा सिद्धाप्पा खरा हुता. आता चल, आमच्यात चल."

इतकी वर्षं ती याच शब्दांसाठी जगली होती. मला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही.

"पटका उचला मामंजी, लोकांच्या पायात यील," ती म्हणाली. "येडूभावजी तुमच्याम्होरं घोंगडीवर बसलं हुतं. तवा तुमाला दिसलं न्हाय. ह्यो वाणी भरल्या सभेत उभाच ऱ्हायला, मग दिसलं. माझी लेक बिजवराच्या घरात झिजली. जावा, आदी माझी घोंगडी आणून द्या."

सिद्धनाथ पायऱ्या चढायला लागला. वरच्या कार्यकर्त्यानं त्याला छातीवर हात लावून थांबवलं. "ढोलवाल्यांनी बाहेर थांबायचं. जेवण बाहेर आहे."

साडी आणि नारळ तिथंच पायरीवर राहिले. मला शिवलिंगप्पांच्या खांद्यावरून दिसत होतं तेवढं सांगते: बनाबाई दारातून बाहेर गेली, मागून येडू, आणि त्यांच्यामागं, बऱ्याच अंतरावर, ढोल काखेत धरून ती पाच माणसं. काठी घेऊन हाकायला मागं कुणी नव्हतं, तरी ती चालत होती.

तो हमाल दुसऱ्या दिवशी येऊन भांडून आपली घोंगडी घेऊन गेला. त्याला ती लागत होती. मी मात्र अजून इथंच आहे, समितीच्या खोलीत, काचेच्या कपाटात. माझ्यापुढं कार्ड आहे: 'सीमेवरच्या लढ्यात श्री. शिवलिंगप्पा यांनी वापरलेली घोंगडी. भेट: एक धनगर भगिनी.' कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत. बनाबाई मला मागायला दोनदा आली. पहिल्यांदा सुट्टी होती. दुसऱ्यांदा पहारेकऱ्यानं तिला आत घेतलं, पण काचेला हात लावू दिला नाही. ती काचेसमोर खाली फरशीवर बसली आणि मला वस्तीवरच्या बातम्या सांगितल्या. जत्रेत आता बिरोबावर भंडारा उधळताना पहिलं नाव सिद्धाप्पाचं घेतात. येडू वारला. मायाक्का एकदा येऊन गेली आणि बापाच्या समाधीवर डोकं टेकवून गेली.

"तितं आता समद्यास्नी ठावं झालं," ती म्हणाली. "हितं न्हाय."

"मावशी, उठा, बंद करायची वेळ झाली," पहारेकरी म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना सांगतात की आमची काळजी घ्या. मी तसं सांगणार नाही. माझी काळजी उत्तम घेतली जाते. माझ्यावर धूळ नाही, कसर नाही, रोज काच पुसतात. मला सांगायचं आहे ते वेगळंच. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही गावात समारंभ होतील, हारतुरे होतील, कुणीतरी छाती काढून सांगेल की मी सर्वांत पुढं होतो. तेव्हा त्याला एवढंच विचारा की, तुमच्याही पुढं कोण चाललं होतं? आणि उत्तर देण्याआधी त्याला जमिनीवर बसायला सांगा.

तो उभाच राहिला, तर टाळ्या वाजवू नका.